छोटा ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवून पक्का कसा बांधायचा

ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवला, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला आणि एक दोर आडवा आवळला की झालं, असं पहिल्यांदा ट्रॅक्टर हलवणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. एवढं जड धूड कशाला हलतंय, हा त्यामागचा हिशोब. पण जड वस्तू एकदा हलायला लागली की थांबवणंही तितकंच जड जातं. त्यात ट्रॅक्टर चार फुगवलेल्या टायरांवर उभा असतो. हँडब्रेक चाकाला फिरू देत नाही, एवढंच त्याचं काम. न फिरता तळावरून घसरत निघालेलं चाक थांबवणं त्याच्या हातात नाही.

इथे बोलतो आहे ते साधारण १५ ते ३० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरबद्दल, जो जीप, पिकअप किंवा तसल्या गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरवरून न्यायचा आहे. मोठ्या ट्रॅक्टरला तत्त्वं हीच लागू पडतात, पण साखळ्या आणि ट्रेलर वेगळ्या ताकदीचे लागतात.

आधी वजनाचा हिशोब

माहितीपत्रकात छापलेलं वजन बहुतेक वेळा नुसत्या ट्रॅक्टरचं असतं. त्यात मागच्या टायरांत भरलेलं पाणी नसतं, पुढे लावलेली लोखंडी वजनं नसतात, लोडर (पुढे बसवलेली, माल उचलायची बकेट) नसतो, मागचं अवजार नसतं. समजा नुसता ट्रॅक्टर ९५० किलोचा आहे. टायरांतलं पाणी १५० किलो, रोटाव्हेटर २५० किलो, डिझेल आणि किरकोळ सामान ३० किलो धरलं, तर आकडा १,३८० वर जातो. म्हणजे छापील वजनाच्या जवळजवळ दीडपट. जवळपास वजनकाटा असेल तर एकदा ट्रॅक्टर अवजारासकट तोलून घ्या आणि तो आकडा कुठेतरी लिहून ठेवा. पुढचं सगळं गणित त्यावर चालतं.

ट्रेलरच्या पाटीवर एकूण वजनाची मर्यादा दिलेली असते. ही मर्यादा ट्रेलर धरून असते. २,००० किलोची पाटी आणि ५०० किलोचा रिकामा ट्रेलर असेल, तर वर चढवता येतात १,५०० किलो. आपला १,३८० किलोचा ट्रॅक्टर त्यात बसतो, पण हातात फार काही राहत नाही. तीच गोष्ट ओढणाऱ्या गाडीची. तिची ओढण्याची मर्यादा तिच्या पुस्तिकेत बघा, आणि हुकाची मर्यादा हुकावरच्या पाटीवर. गाडी, हुक आणि ट्रेलर या तिघांत जो सर्वांत कमजोर, त्याच्यावर हिशोब थांबतो. गाडीला जोर आहे म्हणून हुकालाही तेवढाच असेल, असं धरून चालू नका.

रॅम्पचंही वजन बघायचं असतं. जोडीने विकल्या जाणाऱ्या रॅम्पवर लिहिलेला आकडा बहुधा दोन्ही मिळून असतो. ट्रॅक्टरचं वजन चारी चाकांवर सारखं नसतं, मागच्या चाकांवर ते जास्त असतं, त्यामुळे मागची चाकं रॅम्पच्या मधोमध आली की खरी परीक्षा होते. रॅम्पची रुंदीही आधी मापून घ्या. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत पुढच्या चाकांमधलं अंतर मागच्यापेक्षा वेगळं असतं. रॅम्प मागच्या चाकांच्या मापाने ठेवले आणि पुढची चाकं त्यांच्या आतल्या कडेवरून चालली, तर अर्ध्यात आल्यावर कळून उपयोग नसतो.

चढवण्याआधीची तयारी

जागा सपाट आणि टणक हवी. ट्रेलर गाडीला जोडलेलाच हवा, हुक नीट बसून त्याचा खटका लागलेला हवा, सेफ्टी चेन हुकाखालून एकमेकींना छेद देऊन अडकवलेल्या हव्यात. गाडीचा हँडब्रेक लावा आणि गाडीच्या व ट्रेलरच्या चाकांना पाचरी किंवा लाकडी ठोकळे लावा.

आता नवखे लोक हमखास विसरतात ती गोष्ट. ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली, रॅम्प जिथे टेकतो त्याच्या लगत, दोन्ही बाजूंना भक्कम टेकू द्या. काही ट्रेलरना त्यासाठी पाय बसवलेलेच असतात, नसतील तर जाड लाकडी ठोकळे रचून चालतं. कारण असं, की ट्रॅक्टरची चाकं ट्रेलरच्या मागच्या टोकावर येतात तेव्हा सगळं वजन ट्रेलरच्या एक्सलच्या मागे पडतं. मागचं टोक खाली दबतं, पुढची दांडी वर उठते आणि तिच्याबरोबर गाडीचा मागचा भागही वर उचलला जातो. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवरच असतो. ती चाकं जमिनीवरून हलकी झाली की हँडब्रेक असून नसल्यासारखा, आणि ट्रॅक्टर अर्धा चढलेला असताना गाडी, ट्रेलर सगळं पुढे सरकायला लागतं. टेकू दिलेले असतील तर हे घडत नाही. टेकू आणि ट्रेलर यांच्यात बोटभर फट चालते, पण वीतभर फट ठेवली तर टेकू नसल्यातच जमा.

रॅम्पचा चढ जितका कमी तितकं बरं. साधा हिशोब असा, की तळाच्या उंचीच्या निदान चौपट लांबीचा रॅम्प घ्या. तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटर असेल तर २.४ मीटरचा रॅम्प. म्हणजे चढ साधारण १४ ते १५ अंशांचा होतो. यापेक्षा आखूड रॅम्पवरून छोटा ट्रॅक्टर चढतो, पण पुढचं टोक हलकं होतं आणि रॅम्प संपून तळ सुरू होतो तिथे पोट टेकायचीही शक्यता असते. रॅम्पचं वरचं टोक ट्रेलरला पिनेने किंवा साखळीने बांधलेलं हवं. नुसतं अडकवून ठेवलेला रॅम्प चाकाच्या रेट्याने मागे सटकतो, आणि तो सटकतो तेव्हा चाक त्याच्यावरच असतं.

पाऊस झाला असेल, रॅम्पवर चिखल किंवा तेल असेल, तर आधी साफ करा. टायरांच्या नक्षीत अडकलेला चिखलही काढा. ओल्या लोखंडावर चिखलाचा टायर बर्फावर चालल्यासारखा घसरतो.

चढवणं

तोंड पुढे की पाठ पुढे? यावर लोक हिरिरीने वाद घालतात. माझा नियम साधा आहे: जड बाजू चढाच्या वरच्या अंगाला. अवजार नसलेला, टू-व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर मागून जड असतो. त्याला तोंड पुढे करून चढवला तर मागची चाकं जोर लावतात आणि तोच जोर नाक वर उचलायला बघतो. चढ उभा असेल, क्लच झटक्यात सोडला असेल, तर ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. तोच ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवला तर चाकांच्या जोराने नाक खाली दाबलं जातं, मागे उलटायचा धोका उरत नाही. पुढे लोडर असेल तर नाकावर वजन असतंच, मग बकेट तळापासून थोडीच वर ठेवून तोंड पुढे करून चढवणं बरं. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर चालू करा. मागे रोटाव्हेटर असेल आणि रिव्हर्समध्ये चढवणार असाल, तर तो एवढाच उचला की रॅम्पच्या सुरुवातीला घासणार नाही. उगाच उंच उचललेलं अवजार ट्रॅक्टरचा तोल बिघडवतं.

चढायच्या आधी या गोष्टी करून घ्या.

१. दोन्ही ब्रेक पेडलं एकत्र जोडा. शेतात वळण घेण्यासाठी डावा-उजवा ब्रेक सुटा ठेवायची सवय असते. रॅम्पवर चुकून एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर जागच्या जागी त्या बाजूला वळतो आणि चाक रॅम्पबाहेर जातं.

२. सर्वांत हळू गिअर टाका. चढताना गिअर बदलायचा नाही आणि क्लच दाबायचा नाही. क्लच दाबला की इंजिनाचा धरून ठेवणारा जोर सुटतो आणि ट्रॅक्टर मोकळा होऊन मागे येतो.

३. रोल बार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान, उभा असेल तर सीट बेल्ट लावा. रोल बार दुमडलेला असेल तर आधी उभा करा. बेल्टशिवाय रोल बारचा उपयोग अर्धाच.

४. बघायला एक माणूस ठेवा, पण तो तुम्हाला समोर दिसेल असा. रॅम्पच्या बाजूला, मागे किंवा दोन रॅम्पच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही, मुलांना तर जवळही येऊ द्यायचं नाही.

चढायला सुरुवात करण्याआधीच ट्रॅक्टर रॅम्पसमोर सरळ रेषेत आणून ठेवा. रॅम्पवर आल्यावर स्टेअरिंग दुरुस्त करत बसणं म्हणजे आगीशी खेळ. वाकडा लागला असं वाटलं तर सावकाश खाली या, सरळ करा, पुन्हा चढा. यात कुणाची मान खाली जात नाही.

ट्रेलरवर नेमका कुठे उभा करायचा

माझ्या मते बांधण्याइतकंच, कदाचित त्याहून जास्त महत्त्व याला आहे. ट्रॅक्टर कितीही पक्का बांधा, तो चुकीच्या जागी उभा असेल तर रस्त्यावर ट्रेलरच गाडीला नाचवतो.

हुकाच्या गोळ्यावर बसणाऱ्या, मधे एक्सल असलेल्या ट्रेलरसाठी अंदाज असा: भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार दांडीवर यायला हवा. आपल्या उदाहरणात ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून १,८८० किलो होतात, म्हणजे दांडीवर निदान १९० किलोच्या आसपास. काही गाड्यांच्या हुकाला इतका भार चालत नाही. तिथे हुकाच्या पाटीवरचा आकडा अंतिम, आणि मग ट्रेलर कमी भरायचा. दांडीवर भार फार कमी पडला, म्हणजे वजन एक्सलच्या मागे गेलं, की वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झोले खायला लागतो, आणि प्रत्येक झोला आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. उलट दांडीवर फार भार पडला तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग आणि पुढचे ब्रेक नीट काम देत नाहीत.

घरच्या घरी अंदाज घ्यायची एक रीत आहे. ट्रॅक्टर चढवण्याआधी गाडीच्या मागच्या आणि पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची मोजा. ट्रॅक्टर चढवून उभा केल्यावर पुन्हा मोजा. मागची बाजू थोडी खाली आली पाहिजे. मागची बाजू वर गेली असेल तर ट्रॅक्टर फार मागे आहे, पुढे घ्या. मागची खूप बसली आणि पुढची वर उठली, तर ट्रॅक्टर मागे घ्या. बोट-दोन बोटं इकडेतिकडे सरकवूनही फरक दिसतो. जागा ठरली की तळावर खडूने किंवा रंगाने खूण करा, पुढच्या वेळी तेवढा वेळ वाचेल.

रिव्हर्समध्ये चढवला असेल तर लक्षात ठेवा, ट्रॅक्टरची जड बाजू आता ट्रेलरच्या पुढच्या अंगाला आहे. त्यामुळे तोंड पुढे असतानाची खूण इथे चालणार नाही.

जागा ठरली की इंजिन बंद, हँडब्रेक, लो गिअर. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा, गिअरबॉक्स असेल तर इंजिन बंद झाल्यावर तो ट्रॅक्टर धरून ठेवेल यावर विसंबू नका, हँडब्रेक लावाच. किल्ली काढून खिशात टाका. चारी चाकांना पुढून-मागून पाचरी लावा. तळ लाकडी असेल तर पाचरी खिळ्यांनी पक्क्या करा, कारण वाटेतल्या धक्क्यांनी सुटी पाचर कुठे जाऊन पडते ते शेवटी कळतं.

बांधायचं सामान

दोन पर्याय आहेत: रॅचेट पट्टे किंवा साखळी आणि ती आवळणारा बाइंडर. सुती, नायलॉनचा किंवा काथ्याचा दोर हा तिसरा पर्याय नाही. तो ताण धरून ठेवत नाही, आणि गाठीपाशी त्याची निम्मी ताकद गेलेली असते.

पट्टा घेताना त्यावर शिवलेलं लेबल वाचा. तिथे दोन आकडे असू शकतात: तुटण्याचा भार आणि सुरक्षित भार. काम सुरक्षित भाराशी आहे. अमेरिकी पद्धतीत तो तुटण्याच्या भाराच्या एक तृतीयांश असतो. २ इंची, म्हणजे ५० मिलिमीटर रुंद पट्ट्याचा तुटण्याचा भार साधारण ४,५०० किलो असेल तर सुरक्षित भार १,५०० किलो धरायचा. मोटरसायकल बांधायचे १ इंची पट्टे ट्रॅक्टरच्या जवळही आणू नका. लेबल फाटलेला, कडेला कापलेला, उन्हाने रंग उडून ताठ झालेला पट्टा सरळ बाद करा. कापलेल्या पट्ट्याला गाठ मारून वापरणारे लोक आहेत. ते पुढे असतील तर आपण मागे अंतर ठेवून चालावं.

पॉलिस्टर पट्टा ताणला की लांबतो. युरोपी मानकानुसार पूर्ण सुरक्षित भाराला तो ७ टक्क्यांपर्यंत लांबू शकतो, म्हणजे ३ मीटरचा पट्टा २१ सेंटिमीटरपर्यंत. म्हणून पट्टा जितका आखूड तितका चांगला. हजार-बाराशे किलोपर्यंत मला पट्टे पुरेसे वाटतात. त्यापुढे, किंवा मागे-पुढे जड अवजारं असतील तर, मी साखळीच निवडेन. साखळी माल वाहतुकीची हवी, ग्रेड ७० ची. तिच्या कड्यांवर ७ किंवा ७० असा ठसा असतो. या ग्रेडच्या ८ मिलिमीटर (५/१६ इंच) साखळीचा सुरक्षित भार सुमारे २,१०० किलो असतो. ठसा नसलेली साखळी दिसायला कितीही जाड असली तरी ती फाटकाला कुलूप लावायच्या कामाची.

साखळी आवळायला दोन तऱ्हेचे बाइंडर मिळतात. दांडा खाली दाबून लावायचा लिव्हर बाइंडर स्वस्त आणि झटपट असतो, पण सुटताना त्याचा दांडा उसळून तोंडावर, हातावर बसतो. नवख्याने रॅचेट बाइंडर घ्यावा. वेळ जरा जास्त लागतो, पण ताण हळूहळू चढतो आणि हळूहळूच उतरतो. दांड्याला पाइप घालून जोर लावण्याची युक्ती दोन्हीकडे टाळा.

बांधणी

आता मुख्य काम. यातली एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं आपोआप जमतं: पट्टा ज्या दिशेला ओढतो, त्याच्या उलट दिशेला जाणाऱ्या ट्रॅक्टरलाच तो अडवतो. गाडीने करकचून ब्रेक मारला की ट्रॅक्टर पुढे जाऊ बघतो. त्याला अडवतात ते मागच्या बाजूला ओढणारे पट्टे. नवखे लोक पुढचे दोन पट्टे जीव खाऊन आवळतात आणि मागे एखादा बारीकसा लावतात. हे अगदी उलटं झालं, कारण सगळ्यात मोठा झटका ब्रेकचाच असतो. युरोपातलं माल बांधण्याचं मानक ईएन १२१९५-१ घ्या किंवा अमेरिकेचे मालवाहतुकीचे नियम, दोन्हीकडे रस्त्यावरच्या मालासाठी पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर गणितात धरतात.

आपला १,३८० किलोचा ट्रॅक्टर घ्या. पुढच्या दिशेचा जोर झाला सुमारे १,१०० किलो. एवढ्या वजनाला मी साखळीच निवडेन, पण हिशोब समजण्यापुरते पट्टेच धरू: मागे दोन, प्रत्येकी १,५०० किलो सुरक्षित भाराचे. कागदावर ३,००० किलो झाले, पण पट्टा तिरका असतो. तो तळाशी ४५ अंशांचा कोन करून खाली जात असेल आणि बाहेरच्या बाजूलाही ४५ अंश फाकलेला असेल, तर मागे ओढायला त्याची निम्मीच ताकद मिळते, म्हणजे ७५० किलो. दोघांचे मिळून १,५०० किलो, पुरे आहेत. आता तेच पट्टे जवळच्या कडीत अडकवून जवळजवळ उभे केले, तळाशी ७० अंशांचा कोन झाला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३६० किलोच येतात. दोघांचे ७२०, म्हणजे गणित फसलं. पट्टे तेच, ट्रॅक्टर तोच, फक्त कडी बदलली. म्हणून ट्रेलरवरची कडी ट्रॅक्टरपासून जरा लांब, बाहेरच्या अंगाला निवडा, म्हणजे पट्टा पुढे-मागेही ओढतो आणि बाजूलाही.

चारी कोपऱ्यांना एक एक असे कमीत कमी चार सुटे पट्टे लावा. एकच लांब पट्टा ट्रॅक्टरखालून इकडून तिकडे घालून दोन कोपऱ्यांचं काम भागवू नका. तो एका जागी सुटला तर दोन्ही कोपरे सुटतात.

ट्रॅक्टरवर कुठे अडकवायचं, हे थोडं सविस्तर बघू.

पुढे: वजनं अडकवायची कास्टिंगची चौकट, पुढचा टो हुक, किंवा पुढच्या एक्सलचा मधला जाड भाग. टाय रॉड, स्टेअरिंगचा सिलिंडर, जाळी, दिव्यांची पट्टी आणि पातळ पत्र्याचा बंपर यांना हात लावायचा नाही. टाय रॉड वाकला तर ट्रेलरवरून उतरवलेला ट्रॅक्टर सरळ चालणार नाही.

मागे: ड्रॉबार आणि त्याची चौकट, किंवा मागच्या एक्सलचं जाड घर. एक्सलवर पट्टा गुंडाळताना ब्रेकच्या नळ्या, वायरी आणि सांधे त्याखाली दबत नाहीत ना ते वाकून बघा. अवजार जोडायच्या थ्री-पॉइंटचे खालचे दांडे बांधायला अगदी सोयीचे दिसतात, पण ते वर-खाली आणि बाजूला हलतात, म्हणून बांधणीला कुचकामी. रोल बारही नाही. त्याला वरून ओढलं तर ट्रॅक्टर टायरांवर दबून झुलत राहतो आणि प्रत्येक खड्ड्याला पट्टा ढिला पडतो.

ट्रेलरच्या बाजूला, सांगाड्याला वेल्ड केलेल्या कड्याच वापरा. लाकडी फळीत स्क्रूने बसवलेली कडी फळीसकट उपटून येते. बाजूचा कठडा, दिव्याची पट्टी, रॅम्पचा बिजागर यांना पट्टा लावू नका. कडीवरही अनेकदा सुरक्षित भार कोरलेला असतो. १,५०० किलोचा पट्टा ५०० किलोच्या कडीत अडकवला तर ती बांधणी ५०० किलोची.

क्रम असा ठेवा. आधी चारही पट्टे हाताने ओढून सरळ करा, पीळ काढा. मग ट्रेलरच्या पुढच्या अंगाचा एक थोडा आवळा, त्याच्या तिरक्या समोरचा मागचा थोडा आवळा, मग उरलेले दोन. असं आळीपाळीने दोन-तीन फेऱ्यांत ताण चढवा. एक टोक आधीच पूर्ण आवळलं तर ट्रॅक्टर तिकडे सरकतो आणि तुम्ही ठरवलेली जागा बिघडते. रॅचेटच्या गाभ्यावर पट्ट्याचे निदान दोन वेढे पडले पाहिजेत, पण इतके जास्तही नकोत की खटका नीट बसणार नाही. जिथे पट्टा लोखंडाच्या धारेवरून जातो तिथे खाली जुन्या टायरचा किंवा कन्व्हेयर बेल्टचा तुकडा घाला. पट्टा तुटतो तो ताणाने क्वचित, धारेवर काचून मात्र नेहमी.

किती आवळायचं? टायर किंचित बसलेले दिसले की पुरे. अजून आवळून टायर चपटे केले तर ताण वाढल्यासारखा वाटतो, पण प्रत्येक धक्क्याला टायर आणखी दबतो, पट्टा सैल होतो आणि उसळून पुन्हा ताणला जातो. झटक्याने येणारा असा ताण पट्ट्याला आणि कडीला सगळ्यात वाईट. याच कारणाने ट्रॅक्टरच्या टायरांतली हवा चढवण्याआधीच तपासा. वाटेत एक टायर बसला तर पट्टे ढिले पडतात, आणि मागे आरशात बघून ते कळत नाही.

शेवटी एक परीक्षा: ट्रॅक्टरला खांदा लावून जोरात हलवा. ट्रॅक्टर आणि ट्रेलर एकाच वेळी, एकत्र हलले पाहिजेत. ट्रॅक्टर आधी आणि ट्रेलर नंतर हलत असेल तर पट्टे अजून ढिले आहेत. पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून बांधून टाका. रस्त्यावर लोंबणारं टोक चाकात गेलं तर पट्टाच ओढून सोडवतं. लिव्हर बाइंडर लावलाच असेल तर त्याचा दांडा तारेने साखळीला बांधून ठेवा.

अवजारं आणि लोडर

हायड्रोलिकने वर धरलेलं अवजार तासाभरात हळूहळू खाली येऊ शकतं आणि पाइप फुटला तर धाडकन. म्हणून वाहतुकीत सगळी अवजारं तळावर टेकलेली हवीत. बकेट सपाट टेकवा, पण खाली दाबू नका. लोडरने जोर लावला तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात आणि मग टायर नव्हे, बकेट ट्रॅक्टरचं ओझं धरते. आधी अवजारं टेकवा, इंजिन बंद करून लिव्हर मागे-पुढे हलवून दाब काढून टाका, आणि मगच चार कोपरे शेवटचे आवळा. आधी बांधून नंतर बकेट खाली घेतली तर पट्ट्यांचा ताण बदलतो.

लोडरच्या बकेटवरून एक आडवा पट्टा, मागच्या अवजाराला एक वेगळा पट्टा. हे चार कोपऱ्यांच्या चार पट्ट्यांव्यतिरिक्त. नांगराचे फाळ, कल्टिव्हेटरचे दात अशी टोकदार अवजारं ट्रेलरच्या कडेबाहेर येत असतील तर सोडवून वेगळी ठेवा. पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर अवजाराला पोचवणारा फिरता दांडा, काढून ठेवलेला सर्वांत चांगला.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

ट्रॅक्टर पाठ पुढे करून उभा असेल तर त्याच्यावर वारा उलट बाजूने येतो. शेतात कधीच न उघडलेलं बोनेट अशा वेळी वाऱ्याने उघडून मागे दुमडतं. बोनेटचा खटका तपासा आणि वरून एक साधा पट्टा टाका. छत, बाजूचे पत्रे, टूल बॉक्सचं झाकण, सीटखालचे पाने, सगळं बघून घ्या. टर्बो असलेलं इंजिन असेल तर सायलेन्सरचं तोंड झाका, नाहीतर वारा शिरून बंद इंजिनाचा टर्बो तेलाशिवाय फिरत राहतो.

उंची मोजा. ट्रेलरच्या तळाची उंची अधिक सायलेन्सर किंवा छत किंवा उभा रोल बार, यातलं जे सगळ्यात उंच असेल ते. हा आकडा गाडीत समोर दिसेल असा चिकटवा. पूल, कमान किंवा खाली लोंबणाऱ्या तारा दिसल्यावर हिशोब करायला वेळ नसतो. त्याच फेरीत ट्रेलरच्या चाकांचे नट, टायरांतली हवा आणि दिवे बघून घ्या.

रस्त्यावर

निघाल्यावर पाच-दहा किलोमीटरांत एकदा थांबा. पट्टे तेवढ्यात बसतात, टायर स्थिरावतात, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एखादा पट्टा खटकाभर आवळावा लागतोच. अमेरिकेतल्या नियमांत व्यावसायिक मालवाहू गाडीच्या चालकाने पहिल्या ८० किलोमीटरांच्या आत एकदा बांधणी तपासायची, आणि नंतर दर ३ तासांनी किंवा २४० किलोमीटरांनी, जे आधी येईल तेव्हा. नियम लागू असो वा नसो, हा शिरस्ता चांगला आहे. थांबाल तेव्हा ट्रेलरच्या चाकाच्या मधल्या भागालाही हात लावून बघा. एक बाजू दुसरीपेक्षा खूप तापलेली असेल तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक अडकतो आहे.

ब्रेक लवकर आणि हळू लावा, वळण हळू घ्या. उतारावर गाडी आधीच खालच्या गिअरमध्ये घ्या. ट्रेलर झोले खायला लागलाच तर घाबरून ब्रेक मारू नका आणि स्टेअरिंग इकडेतिकडे फिरवून त्याला आवरायला जाऊ नका. स्टेअरिंग सरळ घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, वेग आपसूक उतरू द्या. ट्रेलरचे ब्रेक गाडीतून वेगळे लावायची सोय असेल तर फक्त तेच हलके लावा. झोले थांबल्यावर बाजूला थांबून ट्रॅक्टरची जागा तपासा. बहुतेक वेळा तो मागे उभा केलेला असतो किंवा मागे सरकलेला असतो. तसाच वेग कमी ठेवून जाऊ म्हणण्यापेक्षा तिथेच सुरक्षित जागा बघून तो पुढे घेतलेला बरा.

उतरवणं

पोचल्याच्या आनंदात इथेच घाई नडते. जागा पुन्हा सपाट हवी, ट्रेलर गाडीला जोडलेलाच हवा, मागच्या टोकाखाली टेकू हवेत, चाकांना ठोकळे हवेत. टेकू आणि रॅम्प लागेपर्यंत एकही पट्टा सोडू नका. ट्रेलर गाडीपासून सोडवून मग ट्रॅक्टर उतरवणं जिवावर बेतू शकतं. ट्रॅक्टर एक्सलच्या मागे आला की दांडी हवेत उडते आणि ट्रेलर पाळण्यासारखा मागे झुकतो.

पट्टे सोडण्याआधी ट्रॅक्टरचा हँडब्रेक लागलेला आहे ना, चाकांच्या पाचरी जागेवर आहेत ना, ते बघा. वाटेत ट्रॅक्टर थोडा सरकून एखाद्या पट्ट्यावर सगळा ताण घेऊन बसलेला असू शकतो. तो पट्टा सोडताच ट्रॅक्टर हलतो. म्हणून सोडताना ट्रॅक्टरच्या पुढे-मागे उभं राहू नका, बाजूला राहा. लिव्हर बाइंडर सोडताना तोंड त्याच्या दांड्याच्या रेषेत येऊ देऊ नका.

चढला तसाच उलट उतरवा: तोंड पुढे करून चढवला असेल तर रिव्हर्समध्ये, पाठ पुढे करून चढवला असेल तर तोंडाने. गिअर तोच हळू, क्लचवर पाय नाही, ब्रेक पेडलं जोडलेली. मागच्या अवजाराचं टोक रॅम्प संपताना जमिनीला लागणार नाही एवढं उचला, त्याहून वर नको. ट्रॅक्टर जमिनीवर आल्यावर ब्रेक पेडलांचा जोड कामाप्रमाणे सोडा, आणि पट्टे चिखल झटकून, वाळवून, सावलीत गुंडाळून ठेवा. ट्रेलरवर उन्हात पडून राहिलेल्या पट्ट्यांचं लेबल सगळ्यात आधी उडतं, आणि लेबल नसलेला पट्टा किती ओझं धरतो हे पुढच्या वेळी कुणालाच सांगता येत नाही.